सुपाआडची भिंत

माझा हात चटकन उठतो. बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत लहानपणी घरी ज्या तक्रारी यायच्या त्या सगळ्या माझ्या. धाकटा भाऊ म्हणजे गरीब गाय. कुणी त्याची गोटी पळवली तर तो खिशातून दुसरी काढून द्यायचा, आणि मी जाऊन पळवणाऱ्याचं नाक फोडायची. अशा माझ्या भावाच्या खुनाच्या केसला सगळं जयपूर ‘थप्पडवाली केस’ म्हणतं. त्याने जन्मात एकदाच कुणाच्या तरी कानाखाली वाजवली आणि नेमकी तेवढीच कॅमेऱ्यात आली.

माझे यजमान रेल्वेत गार्ड. बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा क्वार्टर मिळालं नाही, म्हणून दुर्गापुऱ्यात स्टेशनजवळ भाड्याचं घर घेतलं. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. पुढे भावालाही इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघं पुन्हा एका छताखाली आलो. घर साधंच. लोखंडी फाटक, आत कोटा फरशीचं चार पावलांचं अंगण, उजव्या हाताला कंपाउंडची भिंत. भिंतीला वरून पिवळट रंग आणि खाली गुडघाभर गेरूचा लाल पट्टा. त्या भिंतीला टेकून भाऊ स्कूटर लावायचा.

गल्लीच्या टोकाला मॅरेज गार्डन आहे. लगीनसराईत लोक गाड्या कुणाच्याही दारात लावून वरातीत नाचायला जातात. त्या संध्याकाळी एक मोठी पांढरी गाडी आमच्या फाटकाला आडवी लावलेली होती. भाऊ ऑफिसातून आला. “भाईसाहब, गाड़ी ज़रा आगे ले लो,” एवढंच म्हणाला. गाडीतून उतरला तो शहरातल्या एका बड्या हॉटेलवाल्याचा मुलगा. बापाचा फोटो चौकाचौकांतल्या होर्डिंगवर हात जोडून उभा असतो. मुलाने हात जोडले नाहीत, आईवरून शिवी दिली. आणि माझ्या गरीब गायीने त्याच्या कानाखाली जाळ काढला.

समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात ते आलं आणि पुढे टीव्हीवर देशभर दिसलं. मग गाडी निघून गेलेली दिसते, भाऊ स्कूटर ढकलत फाटकाकडे जाताना दिसतो. आमच्या फाटकासमोर कडुलिंब आहे. त्याच्या फांद्यांआड पुढे काय झालं ते कॅमेऱ्याला दिसलं नाही.

मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. आई स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होती. भावाला रोज ताजी लागायची. आधी फाटक भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. मग स्कूटर पडली. मग जो आवाज आला तो खलबत्त्यात सुकं खोबरं कुटावं तसा. एकदा नाही. मी किती वेळा ऐकला ते सांगू शकत नाही, कारण मी तोवर जिन्यावरून धावत होते. खाली आले तेव्हा फाटकाबाहेर पळणाऱ्या तिघांच्या पाठी दिसल्या. एकाच्या हातात हॉकी स्टिक होती. वाकलेल्या टोकावर केस चिकटलेले होते.

भाऊ भिंतीकडे डोकं करून पडला होता. एक डोळा उघडा होता, दुसरा जागेवर नव्हता. मी ओढणीचा बोळा करून डोक्याला दाबला तर माझी बोटं आत गेली. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही, आणि स्वतःहून सांगायला माझी जीभ वळली नाही. आत मिक्सर चालूच होता. शेजाऱ्यांच्या गाडीत, हॉस्पिटलच्या वाटेवर, माझ्या मांडीवर तो गेला.

आईला मी सांगितलं, “एकच फटका बसला वं त्याले. काही कयलंच नाही.”

मला त्याचा पश्चात्ताप नाही. दुसरं काय सांगणार होते?

पोलीस आले, फोटो काढले, उद्या प्रयोगशाळेची माणसं येतील म्हणून गेले. रस्त्यावरचं रक्त मॅरेज गार्डनवाल्याने त्याच रात्री पाण्याच्या टँकरने धुऊन टाकलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दुसरं लग्न होतं. अंगणातलं आईने कुणाला धुऊ दिलं नाही. सकाळी उठून पाहते तर ती तिथे बसलेली. रक्तावर तिने गव्हाचं पीठ पसरलं होतं, पिठावर तेलाचा दिवा ठेवला होता, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून भिंतीला सूप तिरकं लावलं होतं. आमच्याकडे रीतच आहे. जिथे जीव गेला तिथे पिठावर दिवा ठेवतात आणि नंतर पिठात काय उमटलंय ते पाहतात. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखराचा जन्म, माणसाचं दिसलं तर माणसाचा.

“आई, जीव तं गाडीत गेला त्याचा,” मी म्हटलं.

“गाडीत श्वास गेला,” ती म्हणाली. “जीव अठीच गेला.”

पीठ पाहायला मिळालंच नाही. प्रयोगशाळेची माणसं आली, पीठ आणि रक्त मिळून खरवडलं, बाटलीत भरलं, लाख लावली. तपास अधिकारी डोक्याला हात लावून म्हणाले, “माताजी, ये क्या कर दिया आपने!”  ते गेल्यावर आईने नवं पीठ पसरलं, पुन्हा दिवा लावला, सूप होतं तिथेच ठेवलं.

पोस्टमॉर्टेमनंतर भावाला घरी आणलं नाही. डॉक्टरांनीच यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं की आईला चेहरा दाखवू नका. आदर्श नगरच्या स्मशानात परस्पर नेलं. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. अकोल्याहून आलेले मामा हात जोडून ओरडून सांगत होते, “तुह्या मायले आम्ही सांभाळू रे बाबू, काळजी नको करू.” मीही ओरडले, “त्या तिघायले मी सोडत नाही!” तरी कावळा आला नाही. जयपुरात कावळ्यांपेक्षा कबुतरं जास्त. तीच आली आणि भात खाऊन गेली. मामा म्हणाले, चालतं, देश तसा वेष. आई म्हणाली, नाही चालत. त्यामुळे तेराव्यानंतर पीठ उचललं तरी दिवा आणि सूप भिंतीशीच राहिले. रोज संध्याकाळी ती तिथे दिवा लावायची आणि आम्ही सगळे ती जागा ओलांडून घरात जायचो. पुढच्या दिवाळीला घरमालकांनी भिंत रंगवायला माणूस पाठवला. आईने त्याला सुपाला हात लावू दिला नाही. त्याने कटकट करत सूप सोडून बाकीची भिंत रंगवली.

आणि खटला? खटला सुरूच झाला नव्हता. लोकांना वाटतं, खून झाला, माणसं पकडली, मग कोर्टात साक्षी होतात. त्याच्या आधी काय काय असतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आधी जामिनाचे अर्ज झाले. मग आरोपींच्या वकिलांचा अर्ज, की व्हिडिओची प्रत मिळाली नाही. प्रत दिली तर अर्ज, की ती मूळ कॅमेऱ्यातली नाही. मग अर्ज, की टीव्हीवाल्यांमुळे जयपुरात न्याय मिळणार नाही, केस दुसऱ्या जिल्ह्यात न्या. मोठे वकील दिल्लीहून विमानाने यायचे. आवाज खर्जातला, बोलणं अदबशीर, मला पाहिलं की “नमस्ते बहनजी.” मला त्यांच्या त्या नमस्त्याचा जितका राग यायचा तितका त्या पोराच्या शिवीचाही आला नव्हता.

सगळं घोडं अडलं होतं एकाच प्रश्नावर: आरोप कुठला ठेवायचा, खुनाचा की सदोष मनुष्यवधाचा. त्यांचं म्हणणं, थप्पड भावाने मारली, सगळ्या देशाने पाहिली. मुलगा चिडला, रस्त्यावरच झटापट झाली, रागाच्या भरात एकच फटका बसला, भाऊ धडपडत आपल्या फाटकात आला आणि पायरीवर डोकं आपटून पडला. डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं होतं की कवटीचा इतका चुरा झालाय की फटके किती ते सांगता येत नाही, पायरीवर आपटणंही ‘संभव है’. माझा जबाब होता, पण मी आवाज ऐकला होता, मारताना पाहिलं नव्हतं. वकील म्हणाले, लग्नाचे फटाके ऐकले असतील. सरकारी वकील भले गृहस्थ होते, पण त्यांनीही मला स्पष्ट सांगितलं, “बहनजी, वो लोग लौटकर आए और गेट के अंदर घुसकर मारा, ये दिखाना पड़ेगा। नहीं तो हत्या का आरोप नहीं टिकेगा।” तो टिकला नसता तर ती पोरं थोडी वर्षं आत काढून बाहेर आली असती आणि त्याच गल्लीतून वरातीत नाचत गेली असती. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एवढंच होतं. फाटकाच्या आत. फाटकाच्या आत.

एका तारखेला कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. आरोपीचे चार मित्र समोर उभे होते. त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहून दुसऱ्याला हळूच खोटी थोबाडीत मारली, दुसरा डोळे फिरवून मेल्यासारखा त्याच्या अंगावर पडला, आणि सगळे हसले. माझ्या हातात आईचा स्टीलचा डबा होता, तीन पुडांचा, भरलेला. मी तो कडीला धरून गरकन फिरवला. पहिल्याची भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं, शर्टवर वरण उतरलं. दुसऱ्याच्या केसांना धरून मी त्याचं डोकं खांबावर एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटायच्या आत दोन शिपाई बायांनी मला मागे ओढलं. माझी एक बांगडी फुटून मनगटात रुतली होती. मला कळलंच नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. हाडावर स्टील बसल्याचा तो आवाज आठवला की आजही बरं वाटतं.

त्यावरही अर्ज झालाच. मयताच्या बहिणीपासून आरोपींच्या जीविताला धोका आहे, तिला कोर्टात येऊ देऊ नये. जज बाईंनी मला समोर उभं करून झापलं आणि पुढच्या सुनावणीला आत बसायला मनाई केली. यजमानांची ड्युटी होती. त्यामुळे आरोपावरची मुख्य बहस झाली त्या दिवशी आई एकटी आत गेली आणि मी गेटबाहेर चहाच्या टपरीवर दात-ओठ खात बसले.

एरवी मी तिच्या शेजारी बसून तिला कानात सांगायचे, आणि जे सांगायचं नाही ते गाळायचे. त्या दिवशी तिने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कधी नव्हे तो सैल झालेला. चहा मागितला. बशीत ओतून प्यायली.

“तो दिल्लीचा वकील भला मानूस हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“सरकारी वकील म्हने बहुत वार किए. तो दिल्लीवाला उठला अन् हात जोडून म्हने, नाही साहेब, एकच. ‘एक ही वार’ म्हने. तीनदा म्हने. तू बी तं तसंच सांगतलं होतं मले. मले वाटे, तू माह्यासाठी खोटं बोलून राह्यली. पण येवढा मोठा वकील कोर्टात खोटं कायले बोलन?”

 ज्या वाक्याला गाडायला मी वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते, त्याच वाक्यावर आईला झोप लागणार होती. आणि खरंच लागली. त्या रात्री ती पहिल्यांदा न कण्हता झोपली. मला मात्र तिचा राग आला. त्या वकिलाचा आला. भावाचाही आला, की मारायचीच होती तर दोन माराव्यात, पळून जावं, फाटकाला कुलूप लावावं. असा राग आला की उशीत तोंड खुपसून मी उशी चावली.

आता हा दिल्लीचा वकील फार हुशार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण दिल्लीत पोचली नसावी. त्याने आणखी एक अर्ज टाकला. मयताच्या घरच्यांनी पीठ, तेल टाकून घटनास्थळाची नासाडी केली, आजही तिथे दिवा जळतो. तेव्हा जागेची पुन्हा तपासणी व्हावी, म्हणजे आत रक्त सांडल्याचा पुरावा विश्वासार्ह नाही हे दिसेल. सरकारी वकिलांनी विरोध केला. मीही त्यांना सांगून सांगून थकले, की वर्ष होऊन गेलंय, भिंतीला नवा रंग लागलाय, आता काय सापडणार? त्यांना उलट सांगायला एक कारण मिळेल. जज बाईंनी अर्ज मंजूर केला. मी घरी येऊन फाटकाला अशी लाथ घातली की अंगठ्याचं नख गेलं.

प्रयोगशाळेची दुसरी माणसं आली. त्यांचा प्रमुख तरुण होता, शांत बोलणारा. दोन्ही बाजूंचे वकील, पोलीस, शेजारीपाजारी सगळे फाटकाबाहेर. त्याने फरशी पाहिली, पायरी मोजली. मग आईला विचारून सूप उचललं.

मागे जुनी भिंत होती. सगळीकडे नवा चकचकीत रंग, आणि मधे सुपाच्या आकाराचा जुना, मळका तुकडा, खालचा पट्टा गेरूचा. लालावर लाल काय दिसणार? पहिल्या माणसांना काही दिसलं नव्हतं त्यात नवल नाही. हा मात्र उकिडवा बसून पाहत राहिला. मग म्हणाला, अंधार करावा लागेल.

भर दुपारी अंधार कुठून आणायचा? यजमानांनी घरातल्या रजया काढल्या. भावाची जाड निळी रजईही निघाली. गच्चीच्या जिन्यापासून फाटकापर्यंत दोरी बांधली, रजया टाकल्या, कडा धरायला माणसं उभी केली. एका कोपऱ्याला माणूस कमी पडलं, तर आई जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, आई, तू आत जा. ती म्हणाली, “माहा दिवा हाय तठी.”

त्या तरुणाने रजयांच्या आत शिरून भिंतीवर, रक्त असेल तिथे अंधारात उजळणारं औषध फवारलं. मी दुसऱ्या टोकाला होते, फटीतून पाहत होते. आधी काही नाही. मग निळं उजळलं. मला वाटलं होतं एखादा डाग असेल. सबंध तुकडा निळा झाला होता. जमिनीपासून वीतभर उंचीवरून वर उडालेले थेंब, एकावर एक, वेगवेगळ्या दिशांना फाकलेले. एक शिंतोडा डावीकडे गेलेला, त्याला छेदून दुसरा सरळ वर, त्यावर तिसरा. मी ऐकलेला आवाज तिथे लिहिल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, ओरडते आता. तो आनंद होता. सांगायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. फाटकाच्या आत! भिंतीपाशी! पडल्यावर!

तेवढ्यात दिसलं की आईने आपला कोपरा वर करून डोकं आत घातलंय. निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

“बेटा,” तिने त्या तरुणाला विचारलं, “ये खड़े आदमी का खून है क्या?”

त्याला ती कोण हे ठाऊक नसावं. घरातली कुणी म्हातारी वाटली असेल. आणि तो कामात होता, कॅमेरा लावत होता, मान न वळवता खरं ते बोलला. “नहीं माताजी। गिरे हुए का है। गिरने के बाद, कई बार।”

आईने रजईचा कोपरा सोडला नाही. फोटो होईपर्यंत तशीच उभी राहिली. उजेड विझत गेला आणि गेरू पुन्हा गेरू झाला. मग छिन्नी-हातोडीने त्यांनी तो प्लास्टरचा तुकडा खणून काढला. प्रत्येक घावाला आईच्या पापण्या मिटत होत्या. बाहेर दिल्लीचे वकील फोनवर हळू आवाजात बोलत होते. त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा पडला माझ्या आईवर.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. रक्त भावाचंच. मग आरोपाच्या आदेशाची तारीख आली. मला आत बसायची परवानगी मिळाली, या अटीवर की हातात काही नसेल. डबासुद्धा नाही. जज बाईंनी आदेश वाचला. प्रथमदर्शनी असं दिसतं की आरोपी परत आले, फाटकाच्या आत शिरले, आणि मयत खाली पडल्यावरही त्याच्या डोक्यावर वारंवार प्रहार केले. म्हणून खुनाचा आरोप. त्या हॉटेलवाल्याच्या पोराला उभं केलं. आरोप मान्य आहे का विचारलं. एवढा वेळ तो जांभया देत होता. आता त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “नहीं,” तो म्हणाला. “ट्रायल चाहता हूँ।” एवढं सगळं झालं ते खटला सुरू होण्याआधीचं. खटला त्या शब्दापासून सुरू झाला.

बाहेर कॅमेरे होते, माईक होते. सरकारी वकिलांनी मला नमस्कार केला. यजमान रडत होते. मी आईचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “आई, जिंकलो वं आपन!”

ती माझ्याकडे पाहत होती.  रजयांच्या त्या दुपारपासूनच ती जवळजवळ बोलत नव्हती.

“एका फटक्यात गेला असता तं आवाज दिला नसता त्यानं,” ती म्हणाली. “पण पडल्यावर जित्ता होता तो. दिला असन ना आवाज? ‘माय’ म्हनला असन ना?”

“नाही वं आई.”

“तू गच्चीवर होती. तुले काय ठावं?” तिने हात सोडवून घेतले. “माहा मिक्सर चालू होता.”

खटला अजून चालू आहे. अंगणातल्या भिंतीत सुपाएवढा खड्डा आहे. घरमालक तो बुजवू म्हणतात आणि आई बुजवू देत नाही. दिवा तिथे लागतो. बाकी घर इतर घरांसारखंच चालतं: ड्युटी, दूध, भाजी, तारीख.

मिक्सर तिने कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावला. बडनेऱ्याहून आणलेला लोखंडी खलबत्ता काढला आणि आता चटणी त्यातच कुटते. तो आवाज मला सहन होत नाही. गच्चीवर गेले तरी येतो, कानात बोटं घातली तरी येतो. मी एकदा भांडले, मोठ्याने भांडले, मग एक दिवस तो खलबत्ताच फेकून द्यायला निघाले. स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि थांबले. आई कुटत होती. कुटता कुटता तिने बत्ता वरच्या वर धरला आणि फाटकाच्या दिशेने मान वळवून ऐकत राहिली. मग पुन्हा एक घाव घातला, आणि पुन्हा थांबून ऐकलं.